मुलूख हिंगोलीचा : हळद शिजते तिथेच भाव ठरतो

कयाधू नदीवरचा लेख आज देणार होतो, तो एक आठवडा पुढे ढकलतो. मागच्या लेखातल्या हळदीच्या ओझरत्या उल्लेखावरून कळमनुरी तालुक्यातल्या एका वाचकांनी विचारलं आहे : बेणं एकच, सेलमचं, शिवारही एकच, मग लिलावात शेजाऱ्याच्या हळदीला माझ्यापेक्षा जास्त बोली का लागते? या प्रश्नाला दोन ओळींचं उत्तर देऊन भागणार नाही.

हळद जमिनीतून निघते तेव्हा अर्धंच काम झालेलं असतं. पाला कापायचा, कंद काढायचे, माती झाडून जेठे गड्डे, बगल गड्डे आणि हळकुंडं वेगळी करायची. घाईत हीच निवड टाळली जाते आणि नुकसान इथूनच सुरू होतं. जाड गड्डा आणि बारीक हळकुंड एकत्र शिजायला घातलं, की गड्डा कच्चा राहतो नाहीतर हळकुंड गळतं.

पूर्वी काहिलीत शिजवायचे. तळाशी जाळ, वरून हळदीचाच पाला नाहीतर गोणपाट, आणि अडीच-तीन तास राखण. फेस आला, उग्र वास सुटला, की काडी टोचून बघायची. सहज आरपार गेली तर उतरवायची. आता गावोगाव भाड्याने कुकर फिरतात. वाफेवर तासाच्या आत एक घाणा निघतो, पाणी आणि सरपण वाचतं. पण काडी टोचायची सवय सोडू नये, कारण कुकरवाल्याला पुढच्या शेतावर जायची घाई असते.

शिजवायचं कशाला? कंदातला स्टार्च वाफेने घट्ट होतो, रंग गाभ्यापासून सालीपर्यंत सारखा पसरतो, कोंब फुटायचं थांबतं आणि वाळवण लवकर होतं. कच्ची राहिलेली हळद वाळल्यावर ठिसूळ होते आणि तिला कीड लवकर लागते. फार शिजली तर रंग मळतो. व्यापारी ढिगातलं हळकुंड उचलून मोडतो ते गाभा पाहण्यासाठीच. नीट वाळलेलं हळकुंड खट्‌कन तुटतं.

वाळवणाला बारा-पंधरा दिवस लागतात. उघड्या मातीवर पसरलेला माल धूळ धरतो, आणि मार्च-एप्रिलमधला अवकाळी पाऊस एका रात्रीत महिन्यांची मेहनत काळी करतो. म्हणून ताडपत्री हाताशी हवीच. ओल्या चार-पाच क्विंटलांतून वाळलेली जेमतेम एक क्विंटल हाती येते. मग ड्रममध्ये घोळून पॉलिश, आणि मगच हिंगोलीचं संत नामदेव मार्केट यार्ड किंवा वसमतचा बाजार. तेव्हा शेजाऱ्याला जास्त भाव मिळाला तो बहुधा या तीन-चार आठवड्यांच्या कामाचा.

माझी खंत याच्या पुढची आहे. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर वसमतकडचा मुलूख हळदीचा झाला, 2024 मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, राज्य शासनाने वसमतला बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर केलं. तरी आपलं बरंचसं हळकुंड पोत्यात भरून बाहेर जातं आणि दळून, पाकिटात बसून, दुसऱ्याच गावाच्या नावाने परत येतं. मध्य आफ्रिकेतल्या कॅमेरूनचं कोकोच्या बाबतीत हेच झालं आहे : बिया शेतकऱ्याने आंबवायच्या, वाळवायच्या, आणि चॉकलेटचा पैसा युरोपातल्या कारखान्यांनी कमवायचा. राष्ट्रीय हळद मंडळाचं मुख्यालय 2025 मध्ये निजामाबादला सुरू झालं. ते इथे हवं होतं असं मला वाटतं. पण गावात दळणयंत्र बसवायला मंडळाची वाट पाहायची गरज नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आणि महिला बचत गटांनी हे काम हाती घ्यावं, मानांकनाचं नाव पाकिटावर छापावं.

कुणी असं युनिट चालवत असेल तर खर्च, वीज आणि विक्रीचा अनुभव मला जरूर कळवा, वाचकांपर्यंत पोहोचवीन. कयाधू पुढच्या आठवड्यात.