विश्लेषण : अमेरिकेतील अंगणांत लॉनऐवजी रानस्ट्रॉबेरी का लावली जातेय? 'भारतीय' तोतयापासून सावध का राहायचं?

अमेरिकेच्या उपनगरांत शनिवार म्हणजे लॉन कापण्याचा वार. न्यू जर्सीत किंवा मेरीलँडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हे चुकत नाही. मात्र काही घरांपुढे आता गवताच्या जागी वीतभर उंचीची, तीन-तीन पानांची रोपं पसरलेली दिसतात. ही तिथलीच रानस्ट्रॉबेरी. शास्त्रीय नाव फ्रॅगारिया व्हर्जिनियाना.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीशी हिचं रक्ताचं नातं आहे. १७१४ मध्ये आमेदे फ्रेझिए या फ्रेंच अभियंत्याने चिलीहून मोठ्या फळांची स्ट्रॉबेरी युरोपात नेली. पुढे फ्रान्समध्ये तिचा आणि या उत्तर अमेरिकी रानस्ट्रॉबेरीचा संकर झाला. आज जगभर पिकणारी बागायती स्ट्रॉबेरी ही त्याच संकराची संतती.

लॉनचं नेमकं दुखणं काय?

पाणी आणि जागा. उपग्रहाच्या मदतीने २००५ मध्ये झालेल्या एका अभ्यासानुसार अमेरिकेत सुमारे १ लाख ६३ हजार चौरस किलोमीटर लॉन आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार बागा आणि लॉनसाठी देशभरात रोज सुमारे ९०० कोटी गॅलन पाणी लागतं.

आणि इतकं पाजून उपयोग कोणाला? पक्ष्यांना तर जवळजवळ नाहीच. पिल्लांना भरवायला अळ्या लागतात आणि बहुतेक अळ्या ठरावीक स्थानिक झाडांवरच जगतात. डेलावेअर विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ डग टॅलमी हे अनेक वर्षं सांगत आले आहेत. त्यांच्या सहभागाने वॉशिंग्टन परिसरातील अंगणांत झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ७० टक्क्यांहून अधिक वनस्पती स्थानिक असतील, तिथेच कॅरोलिना चिकडी या चिमुकल्या पक्ष्याची संख्या टिकून राहते, असं त्यात दिसलं. रानस्ट्रॉबेरीच्या पानांवर अनेक पतंगांच्या अळ्या पोसल्या जातात, वसंतातल्या पांढऱ्या फुलांवर छोट्या रानमाश्या येतात आणि फळं पक्षी, खारी, ससे खातात.

लावायची कशी?

'रनर' म्हणजे काय, हे महाबळेश्वर-वाईकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मूळ रोपातून दोरीसारखं खोड जमिनीसरशी सरकतं आणि पेरावर मुळं धरून नवं रोप उभं राहतं. त्यामुळे सगळी जागा विकतच्या रोपांनी भरायची गरज नाही. ३० ते ४५ सेंटिमीटर अंतरावर रोपं लावायची आणि पहिला हंगामभर पाणी द्यायचं. मग मधल्या जागा ती स्वतःच भरून काढते. जुनं गवत मारायला औषध फवारण्याऐवजी त्यावर पुठ्ठा अंथरून वर पालापाचोळा टाकला तरी भागतं.

मात्र ही नाजूक शेजाऱ्यांना गिळते, त्यामुळे फुलांच्या छोट्या वाफ्याला खेटून लावू नये. अधूनमधून पाय पडला तर चालतो, रोजचं क्रिकेट नाही.

फळ जेमतेम नखाएवढं, पण वासाला आणि चवीला भारी. इथेच एक मेख आहे. या जातीत काही रोपं नर, काही मादी, तर काही उभयलिंगी असतात. रनरपासून झालेलं प्रत्येक रोप मूळ रोपाची कॉपी-पेस्ट असतं. मूळ रोपच नर निघालं तर सगळं अंगण भरेल, फळ एकही येणार नाही. म्हणून वेगवेगळ्या मातृरोपांची चार-पाच रोपं घ्यावीत.

तोतया कोण?

फूल पिवळं दिसलं की थांबा. ती पोटेंटिला इंडिका. नावात भारत, मूळ आशियात. तिचं लाल फळ आकाशाकडे तोंड करून उभं असतं, विषारी नसतं, पण चव पाण्यासारखी. अमेरिकेत ती लॉनमधलं उपद्रवी तण ठरली आहे. खऱ्या रानस्ट्रॉबेरीचं फूल पांढरं असतं आणि फळ खाली झुकतं. नर्सरीत 'अल्पाइन' नावाने मिळणारं रोप युरोपीय जातीचं असतं. त्याला सहसा रनर येत नाहीत, त्यामुळे जमीन झाकायला त्याचा उपयोग नाही.

सोसायटी आडवी आली तर?

होमओनर्स असोसिएशन, म्हणजे तिकडची सोसायटी, अनेक ठिकाणी लॉनची सक्ती करते. एका दाम्पत्याच्या अशाच वादानंतर मेरीलँडने २०२१ मध्ये कायदा केला. आता तिथल्या असोसिएशनला परागसिंचकांच्या बागेवर अवाजवी बंधनं घालता येत नाहीत. अट एकच, बागेची निगा राखलेली हवी. हा कायदा मेरीलँडपुरताच आहे. इतरत्र राहणाऱ्यांनी रोपं आणण्याआधी आपल्या असोसिएशनची नियमावली वाचावी.

पुण्यात लावता येईल?

नको. ही थंड हिवाळ्याची वनस्पती, इथे ती पाहुणीच ठरेल. आपल्याकडे उलटी गोष्ट घडली आहे. बागांत आणि दुभाजकांवर हमखास दिसणारं पिवळ्या फुलांचं वेडेलिया मूळचं उष्ण अमेरिकेतलं. जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. ओलसर, अर्धवट सावलीच्या जागेत त्याऐवजी आपली मंडूकपर्णी लावता येते. तीही रनरनेच पसरते.