अब्बांची पद्मिनी : जपावी की द्यावी?

सोलापुरात होटगी रस्त्याला किंवा विजापूर रस्त्याच्या जुन्या वसाहतींत एखाद्या आवारात लिंबाखाली ताडपत्री टाकलेली प्रीमियर पद्मिनी अजूनही दिसते. टायर बसलेले असतात, काचेवर धूळ साचलेली असते, मागच्या सीटवर जुन्या गाद्या नाहीतर पोती रचलेली असतात. चालवत का नाही, असे विचारले तर मिस्त्री मिळत नाही, हे उत्तर येते. मग विकत का नाही, असे विचारले की आवाज बदलतो. ‘अब्बांची आहे ना!’

हा प्रश्न भावनेचा आहे, तसाच पैशाचा, कागदपत्रांचा आणि वारसाहक्काचाही आहे. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी तो पुढे ढकलू नये, म्हणून हा लेख.

सोलापूरशी असलेले नाते

ही गाडी तशी आपल्याच गावची म्हणायला हरकत नाही. ज्यांच्या कारखान्यात ती तयार झाली, त्या वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 साली सोलापुरात झाला. रेल्वेच्या ठेकेदारीपासून सुरुवात करून त्यांनी जहाज, विमान आणि साखरेच्या धंद्यात पाय रोवले. सोलापूरकर त्यांचे नाव वालचंद कॉलेजमुळे रोज घेतात. 1944 मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि 1947 मध्ये तिथून पहिली गाडी बाहेर पडली.

वालचंद 1953 मध्ये वारले. त्यानंतर वर्षभरात इटलीच्या फियाट कंपनीची 1100 ही छोटी गाडी कुर्ल्यात तयार होऊ लागली. तिच्या गोल, पुढे आलेल्या नाकामुळे लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणायला सुरुवात केली. आपल्या घरांत ते नाव तोंडावर आणायला संकोच वाटावा असेच, पण महाराष्ट्रभर ती त्याच नावाने ओळखली गेली. 1964 मध्ये डिलाइट हे चौकोनी वळणाचे मॉडेल आले. फियाटशी करार संपल्यावर त्याच गाडीला आधी ‘प्रेसिडेंट’ आणि 1974 पासून ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. नाव चितोडच्या राणीचे. त्या राणीची कथा 1540 मध्ये अवधी भाषेत लिहिली ती मलिक मुहम्मद जायसी या सूफी कवीने.

2000 सालच्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती त्यानंतरही धावत राहिली. टॅक्सीला 20 वर्षांची वयोमर्यादा आहे. 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी उरली नाही.

घरातली गाडी

मारुती 800 ही 1983 च्या डिसेंबरात आली. त्याआधी मध्यम घराला गाडी घ्यायची तर फियाट नाहीतर अॅम्बेसेडर, आणि पैसे भरूनही वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहायची. म्हणून गाडी दारात आली की ती एकट्या मालकाची राहत नसे. मोहल्ल्यातल्या लग्नात नवरदेवासाठी तीच, रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला तीच.

गिअरचा दांडा स्टिअरिंगला होता, त्यामुळे पुढच्या लांब सीटवर तिघे बसत. मागे चार मोठी माणसे आणि त्यांच्या मांडीवर मुले. ईदच्या दुसऱ्या दिवशी फुफीकडे किंवा खालाकडे जायचे, सुट्टीत विजापूरचा गोल घुमट पाहायचा, अक्कलकोटमार्गे गुलबर्ग्याला ख्वाजा बंदानवाजांच्या दर्ग्याला जायचे. शंभर-सव्वाशे किलोमीटरचा सफर, सोबत पाण्याचा मोठा कॅन. तो कॅन पिण्यासाठी कमी आणि रेडिएटरसाठी जास्त असे.

सोलापूरचा उन्हाळा आणि ही गाडी यांचे कधी जमले नाही. मे महिन्यात पारा 44 अंशांच्या आसपास गेला की गाडी अचानक खोकू लागे आणि बंद पडे. इंजिनाच्या उष्णतेने नळीत आणि पंपात पेट्रोलची वाफ होते, वाफ अडकली की कार्ब्युरेटरला पेट्रोल पोहोचत नाही. उपाय साधा होता. बॉनेट उघडायचे, पेट्रोलच्या पंपावर ओले फडके ठेवायचे आणि झाडाखाली पंधरा मिनिटे थांबायचे. अनेक गाड्यांत त्यासाठी एक जुना टॉवेल कायम ठेवलेला असे. थंडीत याच्या उलट. सकाळी चोक ओढायचा, नाही चालली तर पोरांना बोलवून धक्का द्यायचा.

तरीही लोक तिला वैतागले नाहीत, कारण ती समजत असे. 1089 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, त्यात सगळे डोळ्यांना दिसणारे. प्लग काढून घासायचा, पॉइंटला पॉलिश पेपर मारायचा, जेटमधला कचरा फुंकून काढायचा. एवढे ज्याला येई त्याला रस्त्यात अडकण्याची भीती नव्हती. आजच्या गाडीत बिघाड शोधायला स्कॅनर लावावा लागतो. त्या काळातले कितीतरी मुलगे बापाच्या हाताखाली पाना धरून यंत्र शिकले आणि पुढे त्यावरच पोट भरू लागले.

पण गोड आठवणींत एक गोष्ट विसरून चालणार नाही. या गाडीला एअरबॅग नाही, एबीएस नाही, बहुतेक मॉडेलांना चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. तेव्हाच्या रस्त्यावर ते भागले. आजच्या पुणे किंवा हैदराबाद महामार्गावर मुलाबाळांना घेऊन ती पळवणे शहाणपणाचे नाही.

जुने रूप, नवी गाडी

जुन्या छोट्या गाडीची ओढ जगभर आहे आणि कंपन्यांनी ती ओळखली. फोक्सवॅगनने बीटल नव्या रूपात आणली, बीएमडब्ल्यूने मिनी आणली. फियाटने 4 जुलै 1957 रोजी बाजारात आलेल्या आपल्या चिमुकल्या 500 ला बरोबर 50 वर्षांनी, 4 जुलै 2007 रोजी, नवे रूप दिले. 2008 मध्ये ती भारतातही आली, पण पूर्ण तयार होऊन परदेशातून येत असल्याने तिची किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होती.

अशा गाड्या दिसायला जुन्या आणि आतून नव्या असतात. एसी आहे, ब्रेक चांगले आहेत, वाफ अडकत नाही. मात्र मागची सीट अरुंद, डिकी लहान, आणि एखादा सुटा भाग लागला तर तो महाग. मोठ्या कुटुंबाची ती गाडी नाही. मुख्य म्हणजे तिच्यात आठवण नवीन विकत घ्यावी लागते. आपल्या लिंबाखालच्या गाडीत ती फुकट आहे, फक्त सांभाळणे फुकट नाही.

ठेवायची तर चालती ठेवा

उभी गाडी लवकर मरते. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे महिनोन्महिने पेट्रोल तसेच राहिले की टाकी आतून गंजते. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशरही त्याने खराब होतात. म्हणून नळ्या एकदा नव्या प्रकारच्या टाकून घ्याव्यात आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवावी. जमिनीचा पत्रा आणि दारांचा खालचा भाग पावसाळ्याआधी तपासावा, या गाडीला गंज तिथूनच धरतो.

कागदपत्रांचा खर्चही मोजावा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून दर 5 वर्षांनी ती वाढवावी लागते. मोटारीसाठी ही फी पूर्वी 600 रुपये होती, 1 एप्रिल 2022 पासून 5000 रुपये झाली आणि फार जुन्या गाड्यांसाठी नंतर आणखी वाढली. त्यावर पर्यावरण कर आणि विमा वेगळा.

गाडी 50 वर्षांहून जुनी असेल आणि मूळ रूपात असेल, तर 2021 च्या नियमांप्रमाणे ‘विंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. पहिल्या नोंदणीची फी 20,000 रुपये. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरण्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. जिला बाजारात न्यायचे आहे, तिच्यासाठी हा मार्ग नाही.

गाडी नक्की कोणाची?

सर्वांत नाजूक प्रश्न हा आहे. अब्बा गेले, गाडी आवारात राहिली आणि मोठ्या मुलाने किल्ली खुंटीवर लावली. कागदावर मालक अजून अब्बाच. कायद्याप्रमाणे मालकाच्या मृत्यूनंतर 30 दिवसांत आरटीओला कळवायचे आणि 3 महिन्यांत फॉर्म 31 भरून नाव बदलायचे असते. कित्येक घरांत दहा-दहा वर्षे हे होत नाही. मग विम्याचा दावा अडतो, आणि गाडी विकायची ठरली तरी विकता येत नाही.

नाव बदलताना इतर वारसांची संमती लागते, आणि ही नुसती सरकारी अट नाही. मागे राहिलेली प्रत्येक वस्तू तरक्यात येते, मग ते घर असो, शेत असो की जुनी मोटार. त्यात अम्मीचा हिस्सा आहे, बहिणींचा हिस्सा आहे. ‘भंगारच तर आहे’ म्हणून त्यांना न विचारता ती ठेवून घेणे किंवा विकणे योग्य नाही. बहीण बहुधा पैसे मागणारही नाही. तिला विचारले, एवढ्यानेच तिचे मन भरेल. याच गाडीच्या मागच्या सीटवरून तीही शाळेत गेली होती.

तेव्हा एखाद्या सुट्टीच्या दिवशी सगळ्या भावंडांनी एकत्र बसावे. गाडी कुणाला मनापासून सांभाळायची असेल, तर बाकीच्यांनी संमती द्यावी किंवा हिस्सा ठरवून घ्यावा. कुणालाच जमत नसेल, तर जुन्या गाड्यांची आवड असलेल्या माणसाला ती द्यावी. तो तिला रस्त्यावर आणेल. तेही शक्य नसेल, तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात देऊन प्रमाणपत्र घ्यावे आणि आरटीओतून नोंदणी रद्द करावी. नुसती भंगारवाल्याला दिली, तर तिचा नंबर आणि कागद उद्या दुसऱ्या कुठल्या गाडीवर सापडायला नकोत.

अब्बांनी ती गाडी वर्षानुवर्षे वाट पाहून घेतली आणि मोहल्ल्याच्या कामाला लावली. ती कुजत ठेवण्यात त्यांचा मान नाही. ती चालती ठेवा, नाहीतर चालवणाऱ्याच्या हाती द्या. दोन्हीत त्यांची आठवण राहते.