भाव मागायला शिकलात, आता हिशेब मागा



शेतकरी आंदोलन म्हटले की डोळ्यांपुढे रास्ता रोको येतो. १९८० साली चाकणला कांद्याच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसला. भावात किती फरक पडला, याची चर्चा आपण पारावर आजही करतो. पण शेतकरी संघटनेने गावाला आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे विचारायची सवय. पिकाला खर्च किती आला, हाती किती पडले, मधला पैसा गेला कुठे, हे शरद जोशी यांनी साध्या भाषेत मांडले. बाजारात हिशेब मागणारा माणूस मग ग्रामपंचायतीतही गप्प बसत नाही.

बायांच्या बाबतीत तर हे जास्तच खरे. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला (जि. नाशिक) शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. पंचायतीच्या निवडणुकीत बायांनी उतरायचे, हा विचार तिथून गावोगाव गेला. १९८९ च्या सुमारास जळगाव जिल्ह्यातील विटनेरसारख्या गावात पूर्ण महिलांचे पॅनेल निवडून आले. महाराष्ट्रात ३० टक्के आरक्षण १९९० ला आले, ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झाली. म्हणजे कायद्याआधी गावाने करून दाखवले! पुढे 'लक्ष्मी मुक्ती' कार्यक्रमात अनेक शेतकऱ्यांनी राजीखुशीने बायकोच्या नावावर जमीन केली. नावावर जमीन असली की बाईच्या शब्दाला घरात आणि चावडीतही वजन येते.

२०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. पण सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा, हे चित्र कित्येक गावांत दिसते. मग खुर्ची मिळून उपयोग काय?

तेव्हा एवढे करा :

• वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. घरटी एकाने तरी जावे, जमल्यास नवरा-बायको दोघांनी.

• ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. आपल्या गावात ती खरोखर होते का, हे विचारा.

• जमाखर्च वाचून दाखवायला सांगा. ठराव वाचल्याशिवाय सही करू नका.

• सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावण्याबाबत तहसील कार्यालयात चौकशी करा.

गावच्या अधिकाऱ्यांनाही एक विनंती. प्रश्न विचारणारा शेतकरी म्हणजे कटकट समजू नका. त्याच्यासमोर वही उघडा. हिशेब चोख असेल, तर भ्यायचे कशाला?

भावासाठी रस्त्यावर बसायची वेळ कधीमधी येते. ग्रामसभा मात्र वर्षात चारदा येते. ती रिकामी जाऊ देऊ नका.