शब्दांचा गोतावळा – ९ : चढ बाकावर!

मागच्या आठवड्यात 'भोंदू' झाला. आज त्याचा इटालियन मावसभाऊ.

इंग्रजीत 'माउंटबँक' हा जुना शब्द आहे. रोजच्या बोलण्यातून तो केव्हाच गेला. एखाद्या पुढाऱ्याला झोडपायचं असलं की लिहिणारे अजून तो बाहेर काढतात. ऐकायला बँक लुटणारा वाटतो खरा, पण मूळ इटालियन 'मोंता इन बांको', म्हणजे 'चढ बाकावर'! भर चौकात बाकावर उभं राहून तेलं-मलमं खपवणारा तो माउंटबँक. हा 'बांको' आपल्याही ओळखीचा आहे. सराफ ज्या बाकावर नाणी मांडून बसत, त्यावरून 'बँक' आली. आणि पोर्तुगीजांबरोबर आलेला आपला शाळेतला 'बाक'ही त्याच घरचा.

१६०८ साली टॉमस कोरिएट नावाचा इंग्रज प्रवासी व्हेनिसला गेला. सेंट मार्कच्या चौकात हे बाकावरचे धन्वंतरी त्यानं डोळे भरून पाहिले. आधी गाणं-बजावणं, मग लांबलचक भाषण. एक जण पाव तास विषारी सापाशी खेळत होता. दुसऱ्यानं सुरीनं स्वतःचा हात चिरला, रक्ताची धार लागली. वर कसलंसं तेल लावलं आणि थोड्या वेळानं हात दाखवला, तर ओरखडासुद्धा नाही! मग भाव. दहा क्राउनपासून उतरत उतरत गडी शेवटी चार 'गाझेतां'वर यायचा. गाझेत हे व्हेनिसचं चिल्लर नाणं. ('गॅझेट' हा शब्द त्यावरूनच आला, असं मानतात.) "शंभर नाही, पन्नास नाही" हे एसटी स्टँडवर ज्यानं ऐकलंय, त्याला हा चौक अनोळखी वाटणार नाही.

बेन जॉन्सननं 'व्होल्पोनी' नाटकात नायकाला अशाच तेलविक्याचं सोंग घ्यायला लावलं, तेही एका बाईच्या खिडकीखाली.

मराठीत याला काय म्हणावं? काही जण 'वैदू' म्हणतील. मला ते पटत नाही. वैदू ही आपल्याकडची एक भटकी जमात. जडीबुटी हा तिचा पिढीजात व्यवसाय, शिवी नव्हे. 'भोंदू'ला भक्तीचा वास येतो. 'ठक' एकट्यालाही एकांतात गाठतो. माउंटबँकला मात्र गर्दी हवी आणि गर्दीपेक्षा हातभर उंच जागा हवी. म्हणून घरबसल्या फोनवरून गंडवणाऱ्याला हा शब्द लावू नये. व्यासपीठावरून रामबाण उपाय वाटणाऱ्याला खुशाल लावावा.



मी 'बाकबहाद्दर' सुचवतो. याहून चांगला शब्द सुचला तर जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात : 'तोतया'.