निळे तितके कॅव्हन्साइट नव्हे

जबलपूर शहराभोवती दिसणारा ग्रॅनाइट मागे टाकून पूर्वेस कुंडमकडे गेले की दख्खन ट्रॅपचा काळा बेसाल्ट लागतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांपासून झालेला हा खडक सह्याद्रीपासून मंडला पठारापर्यंत, आजमितीस सुमारे ५ लाख चौ. किमी. क्षेत्रावर पसरलेला आहे. लाव्हा थंड होताना त्यातील वायूंमुळे पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजयुक्त उष्ण पाणी त्यांतून झिरपले आणि तेथे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांसारखी झिओलाइटे, कॅल्साइट व क्वार्ट्‌झ यांचे स्फटिक तयार झाले.

याच खडकात, पुण्याजवळील वाघोलीच्या दगडखाणींत, कॅव्हन्साइट हे गडद निळे खनिज सापडते. कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिकॉन यांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले. अमेरिकेतील ओरेगन राज्यातील नमुन्यांवरून १९७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. तथापि जगभरच्या संग्राहकांना ते परिचित झाले ते वाघोलीमुळेच.

खडक एकच असल्याने कुंडमच्या खाणीतही निळा कण दिसताच हे नाव ओठावर येणे स्वाभाविक आहे. परंतु रंग हा खनिजाचा सर्वांत फसवा गुणधर्म होय. पोकळीच्या भिंतीवरील निळसर-हिरवा, मातकट व मऊ लेप बहुधा सेलॅडोनाइटचा असतो. तो ट्रॅपमध्ये सर्वत्र आढळतो. निळसर कॅल्सेडनी काचेवर ओरखडा काढते, कारण तिची कठिनता सुमारे ७ आहे. कॅव्हन्साइटची कठिनता केवळ ३ ते ४ असल्याने त्यावर पोलादी चाकूचा ओरखडा सहज उठतो. अ‍ॅझुराइटही निळे व तितकेच मऊ असते. मात्र त्याचा कस निळा असून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ते फसफसते. कॅव्हन्साइटचा कस जवळजवळ पांढरा असतो आणि ते फसफसत नाही. अर्थात शेजारी कॅल्साइट असल्यास तेच फसफसून परीक्षकाची दिशाभूल करते. म्हणून आम्लाचा थेंब नेमका निळ्या कणावरच पडला पाहिजे.

याहून महत्त्वाची खूण म्हणजे स्फटिकांचे रूप व त्यांची सोबत. कॅव्हन्साइटचे सुईसारखे बारीक स्फटिक एका केंद्रापासून फाकून लहान गोळे किंवा फुलोरे बनवितात आणि ते सहसा पांढऱ्या स्टिल्बाइटवर वा ह्यूलँडाइटवर बसलेले असतात. विक्रीच्या नमुन्यांत असे गोळे डिंकाने चिकटविलेलेही आढळतात. गोळ्याचा तळ भिंगाने पाहिल्यास ही लबाडी उघड होते.

येथपर्यंत भिंग, चाकू व आम्ल पुरते. मात्र पेंटागोनाइट या वाघोलीतच मिळणाऱ्या भावंडाचे रासायनिक सूत्र तंतोतंत तेच असून फरक केवळ अणुरचनेत आहे. त्याच्या पाच स्फटिकांचे यमल आडव्या छेदात ताऱ्यासारखे दिसते. तसे न दिसल्यास क्ष-किरण परीक्षणावाचून निर्णय देऊ नये.

नमुना जपण्याची घाई निराळ्याच कारणाने करावी लागते. बांधकामाचा दगड हे गौण खनिज असून १९५७ च्या खाण व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियमाच्या कलम १५ अन्वये त्यासंबंधी नियम करण्याचा अधिकार राज्यांना आहे. खाणीतील दगडाचे मोल खडी म्हणूनच ठरते. क्रशरमध्ये गेलेली पोकळी परत मिळत नाही. म्हणून खाणपट्टाधारकाच्या परवानगीने नमुना मूळ खडकाच्या तुकड्यासह काढावा आणि गाव, खाण, लाव्हाप्रवाहाचा थर, खोली, सोबतची खनिजे व दिनांक यांची नोंद तेथेच चिठ्ठीवर करावी.