इजेक्टर मोडला म्हणून दुनळी मोडीत काढू नका

घरात आजोबांच्या वेळची बाराबोरी दुनळी आहे. परवाना रीतसर तुमच्या नावावर झालेला आहे. ज्वारी हुरड्यात आली, रानडुकरांचा कळप बांधावर आला, तुम्ही माळ्यावरून धाक दाखवायला बार काढला. बंदूक उघडली, तर एरवी टणकन् मागे उडून पडणारे रिकामे काडतूस जागचे हलेना. दुसऱ्या दिवशी पारावर मंडळी सांगतात, "आता मोडीत काढा, नाहीतर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून टाका मारून घ्या." हे दोन्ही सल्ले वाईट, आणि दुसरा तर जिवावर बेतणारा.

धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या भागातल्या जुन्या घरांतून अजून कुठे कुठे इंग्लंडची, बेल्जियमची दुनळी सापडते. कुणावर बर्मिंगहॅमचे नाव, तर कुणावर कलकत्त्याच्या रॉडा किंवा मँटन या विक्रेत्यांचे. या बंदुकांतले भाग हाताने कानस मारून बसवलेले. एका बंदुकीचा भाग दुसरीला लागत नाही. दुकानात तयार सुटा भाग मिळेल ही आशा म्हणून सोडून द्या.

आता हा इजेक्टर आहे तरी काय? साध्या दुनळीत बंदूक उघडली की नळ्यांच्या मागची पट्टी काडतुसे थोडी वर उचलते, मग ती बोटांनी ओढायची. इजेक्टरच्या बंदुकीत ही पट्टी दोन भागांत चिरलेली असते. नळ्यांखालच्या लाकडात, म्हणजे जिथे आपला डावा हात असतो तिथे, दोन छोटे घोडे आणि दोन कमानी बसवलेल्या असतात. ज्या नळीचा बार उडाला तिचाच घोडा सुटतो आणि पट्टीच्या पायाला ठोसा देतो. न उडालेले काडतूस नुसते वर येऊन थांबते. साउथगेट नावाच्या इंग्रज कारागिराची १८९० च्या सुमाराची रचना सगळ्यांत जास्त चालली. खिशातल्या चाकूचे पाते जसे एका मर्यादेपलीकडे गेले की आपोआप फटकन् बसते, तशीच ती युक्ती.

मोडते ती बहुधा कमान. कधी घोड्याचे टोक झिजते, कधी पट्टीचा पाय तुटतो. निम्मी मोडतोड आपल्याच हातची असते. बार काढल्यावर उघडलेली बंदूक मिटताना जड जाते, कारण त्याच वेळी या कमानी पुन्हा ताणल्या जातात. ते न कळून लोक ती फाडकन मिटतात. घोडे सुटलेले असताना पुढचे लाकूड काढले, तर ते घोडे मागे दाबल्याशिवाय परत चढत नाही. मग दगडाने ठोकाठोक! ओल लागून फुगलेले काडतूस नळीत अडकते, पट्टी त्याच्या कडेवरून घसरते आणि वाकते. निवडणुकीच्या वेळी बंदूक ठाण्यात जमा झाली तर ती तिथे काही आठवडे बिनतेलाची पडून राहते, हेही एक कारण धरा.

पण सगळे बिघाड मोडण्याचे नसतात. वर्षानुवर्षे भरलेले तेल चिकट होऊन आत घट्ट बसते आणि घोडा सुस्त होतो. म्हणून कारागिराला आधी सांगा, "साफ करून बघा, मग भाग बदला." तुटलेला तुकडा फेकू नका. त्याच्यावरूनच नवा घडवावा लागतो. कमानीच्या पोलादाला पाणी देणे हे कसबाचे काम आहे. पाणी जास्त झाले तर ती काचेसारखी तुटते, कमी झाले तर वाकून बसते.

वेल्डिंगवाल्याकडे का नको? दोन नळ्या आणि त्यांमधली पट्टी जुन्या बंदुकीत कथलाच्या डाकाने जोडलेली असते. ज्योत जवळ आली की डाक सुटतो. पट्टीचा पाय जाड झाला तर बंदूक पूर्ण मिटत नाही, आणि अर्धवट मिटलेल्या बंदुकीचा बार तोंडावर येऊ शकतो. शिवाय कायदा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक दुरुस्त करणाऱ्यालाही परवाना लागतो. घरातल्या दुसऱ्या कुणाला न्यायला सांगायचे असेल, तर परवानाधारकाचे लेखी अधिकारपत्र सोबत पाहिजे. आणि परवानाधारक वारला, तर नवा परवाना होईपर्यंत बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. ती माळवदावरच्या पेटीत लपवून ठेवणे हा गुन्हा आहे, दुरुस्ती तर दूरच.

खर्च परवडणारा नसेल, तर माझे मत ऐका. बहुतेक बंदुकांत ठोसा देणारे घोडे काढून ठेवले तरी पट्टी काडतूस वर उचलतेच. राखणीच्या बंदुकीला एवढे पुरते. रिकामी काडतुसे उडवण्याची हौस पूर्वी साहेबांच्या शिकारीत होती, जिथे मागे दुसरी बंदूक भरून देणारा माणूस उभा असे. आपल्याला बोटांनी काढायला वेळ आहे. काढलेले भाग मात्र कापडात बांधून जपून ठेवा, बंदुकीची किंमत त्यांत आहे. आणि डुक्कर मारायचेच असेल, तर वन खात्याची परवानगी आधी पाहिजे, बंदुकीचा परवाना त्याला पुरत नाही.

कारागिराकडे गेलाच आहात, तर काडतुसाचे घर मोजून घ्या. कित्येक जुन्या बाराबोरींचे घर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटर असते, आणि हल्लीची काडतुसे बरीचशी ७० ची. लांब काडतूस आखूड घरात बसते खरे, पण दाब वाढतो.

दुरुस्ती झाल्यावर दुकानातच डमी काडतुसे घालून पाहा. उजवा चाप ओढून बंदूक उघडली, तर उजवे तेवढे उडाले पाहिजे आणि डावे नुसते वर आले पाहिजे. मग डावा चाप ओढून तसेच पाहा. बंदूक मिटून उजेडाकडे धरा. नळ्या आणि मागची भिंत यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, तर बंदूक तशीच परत द्या. पावतीवर नंबर लिहून घ्या आणि तो परवान्यावरच्या नंबराशी तिथेच ताडून पाहा.