पाबळची कार्यशाळा आणि जगाचा वर्ग

शिरूर तालुक्यातील पाबळ हे गाव इतिहासाच्या वाचकांस मस्तानीच्या समाधीमुळे ठाऊक असते. शिक्षणाचा विचार करणाऱ्यांस ते निराळ्याच कारणाने ठाऊक असावयास हवे. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात प्राध्यापक नील गेर्शेनफेल्ड यांनी १९९८ साली एक वर्ग सुरू केला. ‘जवळजवळ काहीही’ कसे बनवावे, हाच त्याचा विषय होता. आराखडा संगणकावर काढावयाचा, संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या यंत्रावर तो कापावयाचा आणि त्यात आपण स्वतः जुळविलेले सर्किट बसवावयाचे, अशी त्याची रीत. या प्रयोगातून ‘फॅब लॅब’ ही कार्यशाळेची कल्पना निघाली. अमेरिकेबाहेर ती ज्या ठिकाणी अगदी आरंभी रुजली, त्यांत पाबळचा विज्ञान आश्रम आहे. साल २००२.

हा मान पाबळला योगायोगाने मिळालेला नाही. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातील नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली, पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनच्या आश्रयाने, या अवर्षणप्रवण गावात आश्रम काढला. शाळेतून गळालेली मुले येथे येत. ती वेल्डिंग करीत, बांधकाम करीत, जनावरे सांभाळीत, भूगर्भातील पाण्याचा अदमास घेत. आणि हे काम गावासाठी प्रत्यक्ष सेवा म्हणून करीत. गिऱ्हाईक समोर उभे असले म्हणजे चूक लपविता येत नाही. परीक्षकापुढे ती पुष्कळदा लपविता येते, हे अध्यापक मंडळींस वेगळे सांगावयास नको! त्यामुळे अत्याधुनिक यंत्रे पाबळला आली तेव्हा त्यांच्यासाठी प्रश्न शोधत बसावे लागले नाही. दुधाची प्रत कशी तपासावी, डिझेल इंजिन कमी इंधनात कसे चालवावे, हे प्रश्न आधीच वाट पाहत होते. कलबाग २००३ साली निवर्तले. कार्यशाळा मात्र चालू राहिली.

पुढे या कार्यशाळांचे जाळे शंभराहून अधिक देशांत पसरले आणि त्यातून ‘फॅब अकॅडमी’ हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम उभा राहिला. जानेवारीपासून सुमारे सहा महिने आठवड्यातून एकदा सगळ्या देशांतील विद्यार्थी पडद्यावर एकत्र येतात. बोस्टनची सकाळ ती आपल्याकडची संध्याकाळ. दर आठवड्यास नवे काम. ते करून प्रत्येकाने आपल्या कामाची नोंद, फसलेल्या प्रयत्नांसह, सर्वांस वाचता येईल अशी मांडावयाची. आपल्या प्रयोगवहीत फसलेला प्रयोग सहसा सापडत नाही. उत्तर आधी आणि निरीक्षणे मागाहून लिहिण्याची आपली परंपरा जुनी आहे. शिवाय या अभ्यासक्रमात काही कामे गटाने करावयाची असतात. एका टप्प्यावर सगळ्यांनी मिळून एक यंत्र बनवावयाचे असते. एकाने सांगाडा घडवावा, दुसऱ्याने सर्किट, तिसऱ्याने आज्ञावली. सांगाडा अर्धा सेंटिमीटर चुकला तर तिघांचेही काम अडते. सहकार्यावरील दहा व्याख्यानांनी जे साधत नाही, ते त्या अर्ध्या सेंटिमीटरने साधते.

याच्या शेजारी आपल्याकडचे सार्वत्रिक संगणकशिक्षण ठेवून पाहावे. २००१ पासून ‘एमएस-सीआयटी’ने लाखो लोकांना कळफलकाची भीती घालविण्यास मदत केली, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु सरकारी कर्मचारी आणि शिक्षक यांची वेतनवाढ त्या प्रमाणपत्राशी जोडली गेली आणि पुष्कळांच्या दृष्टीने ते कौशल्य न राहता सेवापुस्तिकेतील एक नोंद झाले. प्रमाणपत्रास बाजारात किंमत येते ती त्यामागच्या कामामुळे. काम वगळून प्रमाणपत्रेच वाढविली तर त्यांचे होते ते चलनवाढीत नोटांचे होते तेच.

शिरूर तालुक्यात रांजणगाव, शेजारच्या दौंड तालुक्यात कुरकुंभ, अशा दोन मोठ्या औद्योगिक वसाहती आहेत. दौंड तर रेल्वेचे जुने जंक्शन. तेव्हा या दोन तालुक्यांतील तरुणांच्या दारात यंत्र नाही, असे म्हणता येणार नाही. मात्र कारखान्याच्या साखळीवर एकच क्रिया दिवसभर करणारा कामगार यंत्र वापरतो. ते उघडून पाहण्याची, बिघडविण्याची मुभा त्याला नसते. ती मुभा हेच फॅब लॅबचे खरे भांडवल होय.

आणि तेथेच अडचण आहे. फॅब अकॅडमीचे शुल्क सुमारे पाच हजार डॉलर, म्हणजे चार लाख रुपयांहून अधिक. शुल्क कोणी भरले तरी पडद्यावरची चर्चा आणि नोंदी इंग्रजीतच. दौंडच्या मराठी शाळेतून आलेला, हाताने कुशल असलेला मुलगा यंत्रापाशी अडत नाही. तो परिच्छेदापाशी अडतो. कौशल्याच्या चाचणीत भाषेची चाचणी नकळत मिसळली जाते आणि निकाल मात्र कौशल्याचा म्हणून जाहीर होतो.

यावर उपाय अगदीच दुर्मिळ नाहीत. पाबळच्या पद्धतीवर बेतलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय राज्यातील अनेक माध्यमिक शाळांत शिकविला गेला आहे. तेथील विद्यार्थ्यांनी आठवड्याच्या कामाची नोंद मराठीत, छायाचित्रांसह आणि चुकांसह ठेवावी. इंग्रजी मागाहून येईल. पैशाचे म्हणावे तर २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावयास सांगितले आहे आणि आपल्या परिसरास अग्रक्रम द्यावा असेही म्हटले आहे. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील ज्या कारखान्यांना हे लागू आहे, त्यांच्यापुढे दोन्ही तालुक्यांतील शाळांनी मागणी ठेवावयास हरकत नाही. मात्र तीत रंगरंगोटी केलेली संगणक खोली मागू नये. मुलांना उघडता येईल असे एक यंत्र, आणि ते बिघडले तर रागावणार नाही असा एक शिक्षक, एवढेच मागावे.